कुत्रं द्यायचं हाय, पण कोणाले?

गेल्या महिन्यातल्या बऱ्याच पत्रांत एकच काळजी होती: घरातलं जनावर दुसऱ्याला द्यायचं आहे, मोबाइलवर फोटो टाकला, फोन यायला लागले, आता पुढं काय? त्यातली पाच पत्रं इथं घेतो.

"डॉक्टरसाहेब, पोरगा नोकरीसाठी पुण्याले गेला. त्याचा लॅब्राडोर चार वर्षांचा हाय. माह्याच्यानं अन् यांच्याच्यानं आता त्याचं करनं होत नाही. फोटो टाकला तं दोन दिवसांत सतरा फोन आले. फुकट देऊ का पैसे घेऊ? अन् भरोसा कोणावर ठेवू?" – एक ताई, दारव्हा तालुका

ताई, सतरातले बरेचसे फोन दोन प्रश्नांतच गळतील. तो रात्री कुठं झोपेल? आणि तुमच्याकडं आधी कुत्रं होतं का, त्याचं काय झालं? दुसऱ्याचं उत्तर नीट ऐका. एक गाडीखाली आलं, त्याच्या आधीचं 'कुठंतरी गेलं', असं कानावर आलं की तिथंच थांबा.

जाहिरातीत 'फुकट' लिहू नका. फुकटचं कुत्रं नेऊन पुढं विकणारे असतात, आणि धडधाकट लॅब्राडोर दिसला की मादीवर सोडून पैसे कमावणारेही येतात. म्हणून आधी नसबंदी करून घ्या. तालुक्याच्या दवाखान्यात सोय नसेल तर नागपूर किंवा अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत चौकशी करा. तो खर्च आणि लसीचा खर्च निघेल एवढीच रक्कम मागा.

मग घर पाहायला जा. पोरीची सोयरीक जुळवताना आपण सासर पाहून येतो ना, तसंच. हे मी स्वतः चुकून शिकलो. बारा वर्षांपूर्वी एका गृहस्थाच्या गोड बोलण्यावर मी एक जर्मन शेफर्ड दिला. दर आठवड्याला ते फोनवर 'मस्त आहे' म्हणायचे. चार महिन्यांनी लसीकरणाच्या शिबिरासाठी त्या गावात गेलो, तर पत्र्याच्या शेडखाली दोन हात साखळीला बांधलेला दिसला. गळ्यावर जखम, जखमेत किडे. त्यानं मला लांबूनच ओळखलं. मी त्याला परत आणलं, पण ती शेपटी हलताना पाहून जे वाटलं ते अजून जात नाही.

घर पसंत पडलं तरी पहिले पंधरा दिवस चाचणीचे ठेवा. कागदावर लिहून सही घ्या: जमलं नाही तर परत आम्हालाच द्यायचं, तिसऱ्याला नाही. सोबत लसीचं पुस्तक, त्याचं भांडं आणि त्याच्या अंगाचा वास असलेली सतरंजी द्या. नव्या घरी त्याला काही दिवस मोकळं सोडू नका असंही सांगा, नाहीतर जुन्या घराच्या ओढीनं पळेल. आणि होळीनंतर नेआण करायची तर पहाटेच. आपल्याकडच्या 45 अंशांत दाट केसांचं कुत्रं गाडीच्या डिक्कीत अर्धा तासही तग धरेल याचा भरोसा नाही.

"माझ्या पॉमेरियनसाठी एकाने भाव न करता होकार दिला. सैन्यात आहे म्हणाला, गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवलं. आता म्हणतो क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे जमा होतील." – समुद्रपूर, जि. वर्धा

स्कॅन करू नका. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. 'आधी पाच रुपयांनी तपासून पाहा' हा त्यांचा नेहमीचा डाव असतो. कधी पाच रुपये खरोखर पाठवतात, म्हणजे पुढच्या पाच हजारांना आपण बिचकत नाही. ओळखपत्र बहुधा दुसऱ्याच कुणाचं, चोरलेलं असतं. ज्याला जीव लावायचा आहे तो कुत्रं न पाहता होकार देईलच कसा?

पैसे गेले असतील तर लाजू नका. त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता जास्त. जाहिरातीत घराचा पत्ता टाकू नका. भेट आधी चारचौघांत, जमल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यातच ठेवा. तिथं लसीचं पुस्तकही समोरच तपासलं जातं.

"घरी सहा वर्षांपासून मिठ्ठू आहे, चांगलं बोलतो. पिंजऱ्यासह विकायचा आहे. किती येतील?" – धामणगाव रेल्वे

दादा, विकता येणार नाही. आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याला पाळणं आणि विकणं दोन्ही गुन्हा आहे, आणि जाहिरात टाकणं म्हणजे स्वतःहून पुरावा देणं. (बजरीगर, कॉकाटील हे ऑस्ट्रेलियातले पक्षी, त्यांची गोष्ट वेगळी.) पण घाबरून पिंजऱ्याचं दारही उघडू नका. सहा वर्षं डाळ-मिरची खाल्लेल्या पक्ष्याला दाणापाणी शोधता येत नाही, पंखात जोर नसतो, कावळे त्याला टोचून मारतात. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा, किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात स्वतः नेऊन द्या. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथं अशा पक्ष्यांवर उपचार होतात. आपण होऊन देणाऱ्यानं ताठ मानेनं जावं.

"पाच पिल्लं महिन्याची झाली, दात आले. आता देऊन टाकू का?" – आर्णी

नाही, आणखी महिनाभर थांबा. 2017 च्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि विकण्यासाठी पैदास करणाऱ्याला नोंदणीही लागते. नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं. किती जोरात चावायचं नाही हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून याच दिवसांत शिकतं. तोवर जंताचं औषध पाजा, सहा ते आठ आठवड्यांत पार्व्होची, म्हणजे पिल्लांना रक्ताची हगवण लावणाऱ्या रोगाची, पहिली लस द्या. रेबीजची लस तीन महिन्यांनी, ती नव्या मालकाकडून कबूल करून घ्या. नेणाऱ्याला एक गोष्ट जरूर विचारा: गेल्या वर्षभरात तुमच्या अंगणात रक्ताच्या हगवणीनं पिल्लू मेलं का? पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो. उत्तर हो असेल, तर लसीचे सगळे डोस झालेलं मोठं कुत्रं द्या, पिल्लू नको.

"जंगलाकाठच्या गावातले एक जण वावराच्या राखणीसाठी आमचा कुत्रा मागतात. माणूस भला आहे." – मूल, जि. चंद्रपूर

माणूस भला असेलही, पण रात्री कुत्रा कुठं राहील ते विचारा. वावरातल्या खांबाला बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला आयतं भक्ष्य. साखळी असल्यानं त्याला पळताही येत नाही, आणि त्याच्या मागं बिबट गोठ्यापर्यंत येतो. अंधार पडण्याआधी त्याला घरात घेत असतील, किंवा गोठ्याला पक्की भिंत आणि दार असेल, तर द्या. ते दार मात्र संध्याकाळी जाऊन स्वतः लावून पाहा.