‘श्यामची आई’ पुस्तक जिवापाड आवडतं, तर नवा सिनेमा पाहावा का?

तुम्ही विचारलंय की, साने गुरुजींचं हे पुस्तक लहानपणी पाच-सहा वेळा वाचलंय, आता 2023 च्या सिनेमाबद्दल कुणी ‘डोळे भरून आले’ म्हणतं, कुणी ‘पुस्तकाची पार वाट लावली’ म्हणतं. तर तो पाहावा की आपल्या मनातलीच आई जपून ठेवावी? मी पाहिलाय. माझं उत्तर ‘पाहा’ असंच आहे, पण त्याआधी आमच्या घरची गोष्ट सांगतो. लोक या सिनेमावरून इतके हळवे का होतात आणि इतके चिडतात का, ते मला त्या गोष्टीवरूनच कळलं.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, बेळगावपासून तासाभरावर. आईचं माहेर बैलहोंगलचं, अस्सल कन्नड घर. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी समजायचंही जेमतेम. शाळेत हिंदी शिकल्यामुळे अक्षरं तेवढी ओळखीची होती. आम्ही गावच्या मराठी शाळेत जायचो, पण कर्नाटकातल्या मराठी शाळांची पाठ्यपुस्तकं कर्नाटकातच तयार होतात, महाराष्ट्रातल्यासारखी बालभारतीची नसतात. त्यामुळे कोल्हापूरच्या मुलांच्या आणि आमच्या वाचनात बराच फरक पडायचा. ‘श्यामची आई’ आमच्या घरात आली ती बाबांच्या ट्रंकेतून. आषाढात पावसाने वीज गेली की चार-चार दिवस येत नसे. मग कंदिलाच्या उजेडात आई ते पुस्तक मोठ्याने वाचायची, बोट ओळीखाली ठेवून, अडखळत. तिच्यासाठी तो मराठीचा अभ्यास होता आणि आमच्यासाठी गोष्ट.

‘चहा’तला च तिला सहज जमायचा. ‘चमचा’तला, ‘आईचा’मधला च मात्र जमत नसे, कारण कन्नडमध्ये तो आवाजच नाही. ती ‘श्यामचा’ म्हणतानाही ‘चहा’तलाच च लावायची. आम्ही तिघं भावंडं त्यामुळे श्यामची गोष्ट कानडी वळणाच्या मराठीतच ऐकत वाढलो. अळणी भाजीचा प्रसंग तुम्हाला आठवत असेल. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील चांगली झालीय म्हणून जेवतात, मुलंही तशीच खातात, आणि आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. तो प्रसंग वाचला त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या आमटीत मीठ कमी होतं. बाबा काही बोलले नाहीत. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि खाली माना घालून भाताचे घास घेत राहिलो.

सिनेमा 10 नोव्हेंबर 2023 ला आला, ऐन दिवाळीत. भाऊबीजेला मी आईला घेऊन कोल्हापूरला बहिणीकडे गेलो होतो, तिथे आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला. बाहेर पडताना जो तो वेगळंच काही बोलत होता. बहीण नाराज होती. ‘भरजरी गं पितांबर’शिवाय कसली श्यामची आई, असं तिचं म्हणणं. माझी दहा वर्षांची भाची रडून रडून लाल झाली होती. तिने पुस्तक वाचलेलंच नव्हतं. आई बराच वेळ गप्प होती. रिक्षात बसल्यावर म्हणाली, “तिथली माती अशी नव्हती की रे.”

मी विचारलं, कशी होती? तर म्हणाली, काळी. तिने कोकण कधी पाहिलेलंच नाही. पालगड, म्हणजे श्यामचं कोकणातलं गाव, म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर बैलहोंगलची काळी रानं यायची, जोंधळ्याची आणि कापसाची. माझं पालगड आमच्या गावासारखं, तांबड्या मातीचं, बांबूच्या बेटांचं आणि पावसात शेवाळलेल्या कौलांचं. बहिणीला विचारलं तर तिच्या मनातली श्यामच्या गावची विहीर मावशीच्या परड्यातली निघाली. एकाच कंदिलाखाली, एकाच आवाजात ऐकलेलं पुस्तक, आणि तीन माणसांची तीन पालगडं! सिनेमाला त्यातलं एकच दाखवता येतं. ज्याचं त्याला ते आपलं वाटत नाही, म्हणून मग ‘पुस्तकाशी प्रामाणिक नाही’ अशी तक्रार होते. तुम्ही ज्या चिडलेल्या प्रतिक्रिया वाचल्या, त्यांतल्या बऱ्याच मला अशाच वाटतात. त्यामागचं दुःख खरं आहे आणि ते मला कळतं, फक्त त्याचा सगळा दोष दिग्दर्शकावर टाकणं मला पटत नाही.

बहिणीच्या तक्रारीबद्दलही सांगायला हवं. ‘भरजरी गं पितांबर’ पुस्तकात नाही. ते आचार्य अत्र्यांनी 1953 च्या आपल्या सिनेमासाठी लिहिलं, संगीत वसंत देसाईंचं. ‘छडी लागे छमछम’ही त्याच सिनेमातलं. वनमालांची आई आणि माधव वझेंचा श्याम सत्तर वर्षं आपल्या मनात इतके घट्ट बसलेत की, पुस्तकातलं कुठलं आणि सिनेमातलं कुठलं हे आपलं आपल्यालाच सांगता येत नाही. त्या सिनेमाला देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. नव्या सिनेमाला 71 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. पुरस्कारावरून सिनेमा आवडावा असं काही नाही, पण ‘कुणीतरी घाईत उरकलेलं काम’ म्हणून तो मोडीत काढणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं. सुजय डहाके यांनी तो कृष्णधवल केला आणि ओम भूतकरच्या रूपाने मोठेपणीचे साने गुरुजी, म्हणजे मोठा झालेला श्यामच, त्यात आणले. मला हे योग्य वाटलं, कारण पुस्तकाच्या मुळाशी तुरुंगच आहे. गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. घरापासून तुटलेला, तिशी ओलांडलेला माणूस कोठडीत बसून आईला आठवतोय, हे पुस्तक वाचताना आपण विसरून जातो.

श्यामला मारलेलं आजच्या पालकांना खटकतं, तोही आक्षेप तुम्ही वाचला असेल. पोहायला जायला घाबरून लपलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते, हा पुस्तकातलाच प्रसंग. मलाही तो आता वाचवत नाही. पण आई नंतर त्याला जवळ घेते आणि लोकांनी तुला भित्रा म्हटलेलं मला खपणार नाही, असं सांगते, तेही पुस्तकात तितकंच ठळक आहे. मूल सोबत असेल तर या प्रसंगावर त्याच्याशी जरूर बोला.

माझी स्वतःची खंत निराळी आहे. पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. श्याम रोज प्रार्थनेनंतर आश्रमातल्या मंडळींना एक गोष्ट सांगतो, ती संपते, लोक घरी जातात, आणि मधल्या दिवसभरात ती गोष्ट ऐकणाऱ्याच्या मनात मुरते. आमच्या आमटीचा दिवस असाच मधला होता. एका बैठकीत बघितलेल्या सिनेमाला हा मधला दिवस मिळत नाही. कुठलाही दिग्दर्शक आला तरी त्याला इथे काही करता येणार नाही.

आणि सीमाभागातला माणूस म्हणून एक बोलतो. इकडे मराठी-कानडी म्हटलं की लोकांना आधी मोर्चे आणि पाट्या आठवतात. मराठीतून शिकायला मिळावं म्हणून आमच्या लोकांनी खूप सोसलंय, ते मी कमी लेखत नाही. पण साने गुरुजींनी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकून ‘कुरल’ हे तमिळ काव्य मराठीत आणलं, पुढे आंतरभारतीची कल्पना मांडली, भारतातल्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात म्हणून. माझ्या आईने ‘आंतरभारती’ हा शब्द कधी ऐकलाही नसेल. ती फक्त त्यांचं पुस्तक वाचत मराठी शिकली. त्यामुळे ‘खऱ्या श्यामच्या आईची भाषा कोकणातलीच हवी, सिनेमात ती तशी वाटत नाही’ असं कुणी म्हणालं की मला आमच्या घरातला आवाज आठवतो. तोही माझ्यासाठी खराच होता.

तर पाहा. जमलं तर पाहायच्या आधी पुस्तकातल्या दोन-तीन रात्री घरात मोठ्याने वाचा, मनात नको. मुलांना ‘सोवळं’, ‘ओचे’, ‘मोळी’ असले शब्द अडतील. अडू देत, विचारू देत. पाहून झाल्यावर कुणाला पुस्तक वाचावंसं वाटलं तर त्याच दिवशी हातात द्या, वाढदिवसाची वाट बघू नका.

भाचीने घरी पोचताच पुस्तक मागितलं होतं. बहिणीकडे प्रत नव्हती. आमची जुनी प्रत, पानं सुटलेली, दोऱ्याने बांधलेली, खानापूरला. मग ठरलं की आजी रोज रात्री साडेआठला फोनवरून एक रात्र वाचणार. घरात रेंज मिळत नाही म्हणून आई थंडीत शाल गुंडाळून पडवीच्या पायरीवर बसायची, एका हातात फोन, मांडीवर पुस्तक, आणि मी बॅटरी धरून शेजारी. आईच्या आजारपणाच्या रात्री जवळ आल्या तसा तिचा आवाज फुटेना. एकदा मध्येच थांबली आणि हळूच ‘अव्वा’ म्हणाली. बैलहोंगलची आमची आजी जाऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती.

भाची पलीकडून म्हणाली, “आजी, तू आता नुसतं ऐक.” बहिणीने तोवर नवी प्रत आणून दिली होती. शेवटच्या चार रात्री भाचीने वाचल्या आणि आम्ही पायरीवर बसून ऐकल्या. भाची कोल्हापुरात जन्मली, तिथेच वाढली, घरात कानडीचा एक शब्द नाही. पण ‘श्यामचा’, ‘आईचा’ म्हणताना ती च थेट आजीसारखाच म्हणत होती.