बागेवरच्या बाळाला काय खाऊ घालावं?

प्रश्न : ताई, दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. विरळणीला सुरगाण्याकडची टोळी आली आहे. त्यातल्या एका जोडप्याची नऊ महिन्यांची मुलगी दिवसभर झोळीत असते, सात-आठ वर्षांची बहीण तिला सांभाळते. पोर सारखी किरकिरते, अजून रांगत नाही. आमच्या काट्यावर वजन केलं तर ६ किलो २०० ग्रॅम भरलं. आई म्हणते, 'अंगावर पाजते, पेजही देते, खाते की ती.' मी डब्याची पावडर आणि दुधाची बाटली आणून देऊ का? की ती लुडबुड होईल?
— एक वाचक, दिंडोरी तालुका, जि. नाशिक

उत्तर : लुडबुड जरूर करा, पण बाटली आणू नका. माझी सगळी नोकरी पेठ-सुरगाण्यात मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, म्हणून झाली. घरात बाटली आली की मागोमाग जुलाब आले, हे मी पुष्कळदा पाहिलंय. बागेत ती बाटली उकळणार कोण, आणि कशावर? पावडर महाग, म्हणून चार दिवसांचा डबा आठ दिवस पुरवला जातो. दोन वर्षांखालच्या मुलांसाठीची दुधाची पावडर, डबाबंद बाळअन्न आणि बाटल्या यांच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. आई अंगावर पाजते आहे ना? दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही पाजू दे.

या वयाच्या मुलीचं वजन साधारण आठ किलोच्या आसपास असतं. साडेसहाच्या खाली गेलं की कमी, ५ किलो ८०० ग्रॅमच्या खाली गेलं की तीव्र कमी. म्हणजे ही पोर मधे आहे, आणि घसरायला वेळ लागत नाही. तुमच्या गावच्या अंगणवाडीत नेऊन नीट वजन करा, दंडाचा घेरही मोजून घ्या. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरला, किंवा दोन्ही पावलांवर सूज असून दाबल्यावर खड्डा पडला, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा.

आता पेजेचं. आई खोटं बोलत नाहीये, पोर खरंच पेज पिते. पण एवढ्याशा पोटात एका वेळी जेमतेम पावणेदोनशे-दोनशे मिलिलिटर मावतं. ती जागा पाण्याने भरली की मूल तोंड फिरवतं आणि आईला वाटतं, पोट भरलं. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधाला वरच्या अन्नाची जोड लागते, आणि ते अन्न चमच्यावर ठरलं पाहिजे. चमचा तिरका केला की ओघळून जाणारी पेज बाळाच्या काय कामाची?

त्यांच्याकडे नागली, म्हणजे नाचणी, असणारच, विचारा. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, डब्याने तिच्यापुढे मिजास करू नये. घट्ट लापशी मुलं गिळत नाहीत, म्हणून आया पाणी ओततात. त्यावर उपाय आहे. थोडी नागली रात्रभर भिजवून फडक्यात बांधायची, मोड आले की उन्हात खडखडीत वाळवून दळायची. साध्या पिठाची लापशी घट्ट शिजवून खाली उतरवायची, जरा निवली की मोडाचं चमचाभर पीठ घालून ढवळायची. थोड्या वेळात ती आपोआप सैल होते, पाण्याचा थेंब न घालता. पुन्हा एक चांगली उकळी द्यायची, चमचाभर तेल सोडायचं, मऊ शिजवलेली उडदाची किंवा तुरीची डाळ घोटून मिसळायची. अशी अर्धी वाटी दिवसातून तीन-चार वेळा, एखादं उकडलेलं अंडं कुस्करून, मधे केळं. आधीच्या पिढीतल्या बायकांना ही मोडाची युक्ती ठाऊक होती. बिस्किटाचा पुडा आला आणि ती मागे पडली. चहात बुडवलेलं बिस्कीट मात्र बंद करा. चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आणि या वयात आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा संपत आलेला असतो.

हे सगळं ऐकून ती मान डोलावेल आणि करणार नाही, कारण तिला वेळ नाही. टोळी एकरी ठेक्यावर असणार. ती उठली की बाकीच्यांची मजुरी बुडते. कारखान्यातल्या बाईला मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दिवसातून दोनदा कायद्याने सुट्टी मिळते. तुमच्या बागेत तो कायदा तुम्हालाच करावा लागेल. पावडरीचे पैसे वाचतील ना, त्यातून टोळीतल्या एखाद्या वयस्क बाईची रोजची मजुरी भरा. तिने सगळी पोरं सांभाळायची, ताजं रांधून चारायचं. मग ती आठ वर्षांची बहीणही शाळेत जाईल, तिच्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत.

पोर झोळीतून खाली उतरू द्या. घोंगडीवर ठेवा, वाटी-चमचा हाती द्या, भरवताना तिच्याशी बोला. जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतल्या खुरटलेल्या मुलांवर सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी केलेला अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना जादा आहार दिला. काहींच्या घरी दर आठवड्याला जाऊन आईला मुलाशी खेळायला शिकवलं. काहींना दोन्ही दिलं. दोन्ही मिळालेली मुलं सर्वांत पुढे गेली. खेळ मिळालेल्या मुलांची कमाई बाविसाव्या वर्षी सुमारे २५ टक्क्यांनी जास्त भरली. अजून रांगत नाही म्हणता, तेही दवाखान्यात दाखवा. पण दिवसभर झोळीत राहून कोण रांगेल?

फवारणीच्या दिवशी पोरं बागेपासून लांब हवीत, आणि औषधाचे रिकामे कॅन पिण्याच्या पाण्याला अजिबात नकोत. हे बागायतदाराच्या घरात सांगायला लागू नये, तरी सांगते.

गावी अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून अंडी किंवा केळी मिळतात. गाव सुटलं की तेही सुटतं. म्हणून तुमच्या अंगणवाडीत तिची स्थलांतरित म्हणून नोंद करून घ्या आणि घरी न्यायचा आहार मागा. नऊ महिने झालेत, म्हणजे गोवर-रुबेलाची लस आणि 'अ' जीवनसत्त्वाचा डोस देय आहे. उपकेंद्रात लसीकरणाचा वार विचारा, लोहाच्या औषधाचंही तिथेच विचारा. जाताना आईकडचं माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्या आणि त्यावर वजन लिहून आणा, म्हणजे खुडा आटोपून टोळी परतली की सुरगाण्यातल्या सेविकेला पुढचं बघता येईल.