डबल ॲक्शन पिस्तुलाचा पहिला ट्रिगर फार जड लागतो, स्प्रिंग कापून हलका करून घ्यावा का?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रावेरकडे केळीची शेती, वडिलांच्या पश्चात रीतसर परवान्यावर आलेलं जुनं वॉल्थर पीपी, 32 बोर. पहिला ट्रिगर ओढताना बोट भरून येतं आणि गोळी खाली डावीकडे जाते, दुसरी मात्र जागेवर लागते. एक कारागीर म्हणतो, स्प्रिंगचे दोन वेढे कापले की ट्रिगर लोण्यासारखा चालेल. रेंजवरच्या पोरांचे ट्रिगर तर हलके असतात, असंही तुम्ही म्हणता.

अजिबात कापू देऊ नका. पोलीस दलात आर्मोरर, म्हणजे हत्यारं सांभाळणारा-दुरुस्त करणारा, म्हणून माझी सगळी नोकरी शस्त्रागारात गेली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, तुमच्या पिस्तुलात बिघाड नाही. पीपी 1929 साली आलं ते या रचनेमुळेच गाजलं. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, राऊंड (काडतूस) आहे, हॅमर म्हणजे घोडा खाली आहे, तरी नुसता ट्रिगर ओढला की गोळी सुटते. त्या पहिल्या ओढीत बोट दोन कामं करतं: मेनस्प्रिंग (हॅमरची मुख्य स्प्रिंग) दाबत हॅमर मागे नेतं आणि शेवटी तो सोडतं. हीच डबल ॲक्शन. गोळी सुटल्यावर स्लाईड (वरचा सरकता भाग) मागे येते तेव्हा हॅमर उभाच राहतो, त्यामुळे दुसऱ्या वेळी बोटाला फक्त सोडायचं काम उरतं, ती सिंगल ॲक्शन. पहिली ओढ 6 किलोच्या आसपास, दुसरी तिच्या निम्म्याहून कमी. हा जडपणा मुद्दाम ठेवलेला आहे. कमरेला लावून फिरायचं हत्यार आहे हे. घाईत, घाबरलेल्या हाताने काढताना ते चुकून सुटू नये, हा त्यामागचा हिशेब.

आता वेढे कापले तर काय होतं? मेनस्प्रिंग फक्त तुमच्या बोटाला विरोध करत नाही, काडतुसाच्या टोपीवर घाव घालायची ताकदही तीच देते. ती कमजोर झाली की फायरिंग पिन टोपीवर नुसता उथळ ठसा उमटवते आणि राऊंड फुटत नाही. आपल्याकडे 32 ची काडतुसं बहुतेक खडकीच्या कारखान्यातली, केएफचा शिक्का असलेली. ती मिळतात मोजकी, त्यामुळे वर्षानुवर्षं कपाटात पडून असतात. तपासायला म्हणून तुम्ही किती उडवणार? ज्या रात्री खरी गरज पडेल त्याच रात्री नुसता ‘टक्’ आवाज येईल. सिअर, म्हणजे उभा हॅमर अडवून धरणारा खटका, घासून द्यायचा सल्ला तर त्याहून वाईट. त्या पोलादाची फक्त वरची पातळ साल कडक केलेली असते. ती गेली की आतला मऊ भाग झिजत जातो, आणि एक दिवस हॅमर नुसत्या धक्क्याने सुटतो किंवा एका ओढीत दोन गोळ्या जातात.

कायद्याचंही ऐका. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे हत्याराची दुरुस्ती आणि त्यातले फेरफार धंदा म्हणून करणाऱ्याला त्याचा स्वतंत्र परवाना लागतो. चोपड्याच्या पुढे, मध्य प्रदेशच्या हद्दीवर गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचताच. तसल्या हातात परवान्याचं हत्यार देणं म्हणजे वडिलांनी सांभाळलेला परवाना धोक्यात घालणं.

मग करायचं काय? आधी साफसफाई. खान्देशातल्या जुन्या हत्यारांचं निम्मं दुखणं वाळलेल्या तेलात असतं, हे मी छातीठोकपणे सांगतो. उन्हाळ्यात पारा 45 च्या घरात, तेल पातळ होऊन ओघळतं, वर धूळ बसते. बरेच लोक खोबरेल लावतात, ते हिवाळ्यात गोठतं आणि पुढे चिकट राळ होऊन बसतं. त्यात निवडणूक आली की हत्यार ठाण्यात जमा, तिथे ते कित्येक आठवडे तसंच पडून. अशा पीपीच्या मुठीच्या पट्ट्या काढल्या की आत मेणासारखा तपकिरी थर दिसतो आणि ट्रिगरला हॅमरशी जोडणारी पट्टी, ट्रिगर बार, त्यातून ओढत चाललेली असते. थर काढून रायफल ऑइलचे दोन थेंब दिले की तोच ट्रिगर बोटाला वेगळा लागतो, काहीही न कापता. तुम्ही स्वतः ट्रिगर गार्ड खाली ओढून स्लाईड काढण्यापर्यंतच जा. नळीत पुल-थ्रू (चिंधी बांधलेली सफाईची दोरी) फिरवा, स्लाईडच्या खाचा चिंधीने पुसा. मुठीच्या आतलं काम परवानाधारक गनस्मिथकडे.

आता मुख्य गोष्ट, तुमचा हात. उजव्या हाताच्या माणसाची गोळी खाली डावीकडे जाते, कारण जड ट्रिगर ओढताना तो बोटासोबत अख्खी मूठ आवळतो. त्याला उपाय ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे गोळीशिवाय ट्रिगर ओढण्याचा सराव. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्याने बघा, मग करंगळी घालून चाचपा. बाजारातला डमी राऊंड भरा, खऱ्या काडतुसाचा घरी केलेला डमी नको. समोर जाड भिंत हवी, पलीकडे माणसांचा वावर नको.

हात जितका वर जाईल तितका वर धरा, पण स्लाईडच्या वाटेत नको. सिंगल ॲक्शनला बोटाची गादी पुरते, इथे मात्र पहिल्या पेराची घडी ट्रिगरवर येऊ द्या, जोर मिळतो. आता नजर पुढच्या साईटवर ठेवून ट्रिगर एकाच संथ वेगाने शेवटपर्यंत ओढा. मध्ये थांबून ‘आता सुटेल’ असा अंदाज घेत बसू नका, नेमका तिथेच हात हलतो. ‘टक्’ झाल्यावर पुढची साईट कुठे आहे ते बघा. खाली डुबकी मारली असेल तर चूक मुठीत आहे. तुमच्या पिस्तुलाची एक सोय म्हणजे स्लाईड न ओढता ट्रिगर पुन्हा पुन्हा ओढता येतो आणि दर वेळी ओढ जडच मिळते, म्हणजे नेमका हवा तोच सराव. रोज दहा-पंधरा ओढी मन लावून केल्या तरी भरपूर. बोट दुखलं की थांबा, थकलेला हात वाईट सवय लावून घेतो.

खऱ्या गोळ्या मात्र परवानगी असलेल्या रेंजवरच. केळीच्या बागेत नाही, लग्नाच्या वरातीत तर नाहीच. दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा गोळीबार केला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

रेंजवरच्या पोरांचे ट्रिगर हलके असतात, हे तुमचं म्हणणं खरं आहे. 10 मीटर एअर पिस्तुलाला किमान 500 ग्रॅम आणि 25 मीटर स्पोर्ट पिस्तुलाला किमान 1000 ग्रॅम असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण ती पिस्तुलं फक्त कागदी निशाण्यासाठी बनलेली असतात, कुणी कमरेला लावून बाजारात जात नाही. त्यांच्याशी तुलना करू नका.

सफाई आणि महिन्या-दोन महिन्यांचा सराव होऊनही जडपणा खटकला, तर गनस्मिथला मेनस्प्रिंग आणि ट्रिगर स्प्रिंग तपासायला सांगा. आधीच्या कुणी चुकीची स्प्रिंग बसवलेली असू शकते. तसं निघालं तर मूळ मापाची नवी बसवा. सोबत परवाना न्या, कामाची पावती घ्या. परत घेताना त्याच्यासमोर रिकाम्या पिस्तुलाचा हॅमर उभा करून सेफ्टी (स्लाईडवरचा सुरक्षेचा खटका) खाली पाडून बघा: हॅमर खाली आला पाहिजे आणि त्यानंतर ट्रिगर ओढून काहीही घडता कामा नये. यातलं एकही चुकलं तर हत्यार तिथेच ठेवून या.