बिल्टी, बीएल आणि शिपिंग बिल: मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: निर्यातीची माहिती मराठीत लिहिताना ‘शिपिंग बिल’ आणि ‘बिल ऑफ लेडिंग’ या दोन्हींना ‘जहाजी बिल’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘बिल्टी’, म्हणजे ट्रकवाल्याने दिलेली मालाची पावती, हा शब्द लेखी मराठीत शोभतो का, की तो ट्रान्सपोर्टच्या गाळ्यातच राहू द्यावा?

पहिल्याचं उत्तर ‘नाही’. दुसऱ्याचं उत्तर असं, की बिल्टी खुशाल लिहावी.

पिंपळगाव बसवंतहून द्राक्षांचा कंटेनर उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरामार्गे रॉटरडॅमला जातोय असं धरू. माल ट्रेलरवर चढला की ट्रान्सपोर्टवाला बिल्टी फाडतो. हिलाच एलआर, म्हणजे लॉरी रिसीट, म्हणतात. माल कोणाचा, कोणाकडे जायचा, नग किती, वजन किती, गाडी नंबर काय आणि भाडं ‘पेड’ (आधीच भरलेलं) की ‘टू-पे’ (माल घेणाऱ्याने द्यायचं), हे सगळं तिच्यावर असतं. शिपिंग बिल निर्यातदाराच्या वतीने सीएचए, म्हणजे कस्टम्सची कामं करणारा एजंट, कस्टम्सकडे दाखल करतो. १९६२च्या कस्टम्स कायद्यानुसार निर्यातीच्या मालाची ती सरकारकडे केलेली नोंद असते. अधिकाऱ्याने त्यावर ‘लेट एक्सपोर्ट ऑर्डर’ दिली की माल देशाबाहेर न्यायला मोकळा. मग कंटेनर जहाजावर चढतो आणि शिपिंग कंपनी बिल ऑफ लेडिंग देते. उरणकडच्या ऑफिसांत त्याला कोणी पूर्ण नावाने हाक मारत नाही, “बीएल आला का?” एवढंच विचारतात.

म्हणजे कागद तीन आणि देणारे हातही तीन. शिपिंग बिल नावाने जहाजाचं वाटलं तरी ते कस्टम्सचं आहे, म्हणून मी त्याला ‘निर्यात घोषणापत्र’ म्हणेन. त्याचा आयातीतला जोडीदार ‘बिल ऑफ एंट्री’, तो ‘आयात घोषणापत्र’. दोन्ही ठिकाणी ‘बिल’ म्हणजे पैशाची मागणी नव्हे. ती मागणी इन्व्हॉइसमध्ये असते, आणि त्याला आपल्याकडे ‘बीजक’ हा नेमका शब्द पूर्वीपासून आहे. तो मागे पडतोय याचं मला वाईट वाटतं.

आता बीएल. हा कागद एकाच वेळी तीन कामं करतो. माल मिळाल्याची तो पावती असतो, वाहतुकीच्या कराराचा पुरावा असतो आणि मालावरच्या हक्काचा दस्तऐवजही असतो. तिसरं काम सगळ्यांत महत्त्वाचं. ‘टू ऑर्डर’, म्हणजे हक्कदार सांगेल त्याला माल द्यायचा असा, बीएल पाठीमागे सही करून दुसऱ्याला देता येतो, आणि माल समुद्रात असतानाच त्याचा हक्क हातोहात फिरतो. मूळ प्रती बहुधा तीन निघतात. त्यांतल्या एका प्रतीवर माल सुटला की उरलेल्या रद्द. आपल्याकडे यासाठी १८५६चा कायदा होता, त्याच्या जागी २०२५मध्ये नवा आला. विमानाच्या ‘एअर वेबिल’ने मात्र हक्क असा फिरत नाही. त्यामुळे त्याला विमानाची बिल्टी म्हणताना हा फरक सांगावा लागेल.

बीएलसाठी ‘भरणपत्र’ सुचेल, पण मराठी वाचकाला ‘भरणा’ म्हटलं की बँकेत पैसे भरणं आठवतं; भरणपत्र त्याला चलनच वाटेल. हिंदीत ‘लदान-पत्र’ आहे. मात्र मराठीत ‘लादणं’ला सक्तीचा वास येतो, कर लादतात, निर्णय लादतात. हिंदीतलाच ‘जहाजी बिल्टी’ मला जास्त पटतो. बिल्टी माहीत असलेल्या माणसाला तो न समजावता कळतो. लेखात पहिल्यांदा ‘बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजी बिल्टी’ असं लिहावं आणि पुढे बिनदिक्कत बीएल म्हणावं.

बिल्टीची ताकद तिच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदांतही दिसते. बिल्टी फाडतात, तशीच ती ‘सोडवतात’. विकणारा बिल्टी बँकेमार्फत पाठवतो, घेणारा पैसे भरून ती सोडवतो आणि मग ती दाखवून माल सोडवतो. गहाण दागिना सोडवावा तसा हा कागद सोडवावा लागतो, कारण माल त्यात अडकलेला असतो. हक्काचा दस्तऐवज म्हणजे काय, हे त्या एका क्रियापदात आलं. १९३०च्या मालविक्री कायद्यात अशा दस्तऐवजांच्या व्याख्येत बीएल आणि रेल्वे पावती नावानिशी आहेत. लॉरीची बिल्टी तिथे नावाने नाही. २००७चा रस्तेवाहतुकीचा कायदा तिला ‘गुड्स रिसीट’ म्हणतो, ती तीन प्रतींत काढायला लावतो आणि मूळ प्रत माल पाठवणाऱ्याला द्यायला सांगतो.

याच संदर्भात एक जुना शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही: ‘जोखमी हुंडी’. पश्चिम भारतातल्या व्यापारात माल रवाना करणारा ही हुंडी लिहायचा, आणि माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे देणं लागायचं. वाटेत माल बुडाला तर हुंडीही बुडाली. उधारी आणि विमा एकाच कागदावर! शिपिंगच्या मराठी परिभाषेवर काम करणाऱ्याने हा शब्द जरूर टिपून ठेवावा.

‘चलन’ की ‘चलान’ हेही सोबत विचारलं आहे. बँकेत भरायचं ते चलन, मालाबरोबर जाणारं ते डिलिव्हरी चलान. बोलण्यात हा फरक रुळला आहे, लिहितानाही तोच पाळावा.