अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय सुईणींच्या ज्ञानाला आजच्या वैद्यकात खरंच जागा आहे का?

हो, आहे, पण ती मिळाली बाळंतिणीला सोबत करण्याच्या त्यांच्या पद्धतीला, झाडपाल्याला नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत ‘ग्रॅनी मिडवाइफ’ म्हणवल्या जाणाऱ्या या बायका कळा सुरू झाल्यापासून शेजारी बसत, चालायला लावत, पाठ चोळत, नंतर घरची चूलही सांभाळत. माता-बालकांच्या आरोग्यासाठीच्या १९२१ च्या शेपर्ड-टाउनर कायद्यानंतर सरकारी नर्स त्यांची पिशवी तपासू लागल्या. कात्री, नाळ बांधायची पट्टी, बाळाच्या डोळ्यांत घालायचे सिल्व्हर नायट्रेटचे थेंब चालत, मुळ्या-पाला नाही. अलाबामाने तर १९७६ च्या कायद्याने त्यांचं कामच बंद पाडलं. गंमत म्हणजे तीच सोबत आता ‘डूला’ या नावाने परतली आहे आणि कित्येक राज्यांत मेडिकेड ही कमी उत्पन्नवाल्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना तिचे पैसेही देते. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (२६ चाचण्या, १५ हजारांवर स्त्रिया) सतत सोबत मिळालेल्यांची सिझेरियन कमी झालेली दिसली, अर्थात त्या चाचण्या फक्त कृष्णवर्णीय डूलांच्या नव्हत्या. आणि कापसाच्या मुळाची साल ‘परंपरेतली’ म्हणून गरोदरपणी घेऊ नका. ती गर्भपातासाठीही वापरली जायची.