पडून गेल्यावर मोजलेलं बीपी नॉर्मलच येणार

तुमचे निपाणीचे वडील, वय ७२, पहाटे लघवीला उठले की घेरी येऊन पडतात आणि दवाखान्यात नेईपर्यंत बीपी १३०/८० भरतं. मग बीपी खरंच उतरलं होतं का आणि सलाईन लावावं का, असं विचारलंय.

बहुतेक उतरलंच होतं. माणूस आडवा झाला की पायात साचलेलं रक्त छातीकडं परततं आणि आकडा जागेवर येतो. बसवून घेतलेल्या त्या १३०/८० वरून काहीच कळत नाही.

त्यांची रात्र बघा. जेवणानंतर प्रोस्टेटची टॅमसुलोसिन घेतली असेल, तर ती रक्तवाहिन्याही सैल करते. पहाटे अंथरुणात ऊब असते, त्यानं त्या आणखी सैल पडतात. झटकन उभं राहिलं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडं उतरतं. तरुण माणसाच्या नसा (मज्जातंतू) काही सेकंदांत रक्तवाहिन्या आवळून घेतात, वयात ही आवळणी मंदावते. त्यात न्हाणीत उभ्यानं लघवी करताना, मूत्राशय रिकामं होता होता बीपी अजून घसरतं. वर बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड असलं, किंवा पाय जळजळतात म्हणून रात्रीची अमिट्रिप्टिलिन चालू असली, तर पडायला वेगळं कारण लागत नाही. आपल्या भागात हे सर्रास घडतं, कारण प्रोस्टेटची फाईल बेळगावची, शुगरची कोल्हापूरची, आणि दोन्ही एका टेबलावर कधी येत नाहीत.

बीपी असं मोजा. पहाटे, अंथरुणातच. दंडाला पट्टा बांधून ५ मिनिटं आडवं ठेवून पहिला आकडा घ्या. पट्टा न काढता उभं करा, हात छातीच्या उंचीवर धरा, आणि पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. जवळ एकजण उभा हवाच. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं पडला तर उभं राहताना बीपी उतरतं, हे निदान झालं. सोबत ठोके लिहा. बीपी पडून ठोके चांगलेच वाढले तर अंगातलं पाणी किंवा रक्त कमी आहे. ठोके जेमतेम हलले तर जुन्या शुगरनं नसा गेल्यात, नाहीतर ठोके आवरणारी गोळी चालू आहे. दुपारी मोजलंत तर हे सापडेलच असं नाही.

आता सलाईन. कन्नडमध्ये ‘तले सुत्तु’ म्हणत आलेला असो वा मराठीत ‘चक्कर’ म्हणत, आमच्याकडं आधी बाटली मागतात, आणि ती लावणारेही आहेत. ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी, बस्स. त्यातलं बरंचसं तासाभरात रक्तवाहिनीबाहेर जातं. बरं वाटतं ते दोन तास आडवं पडल्यानं. हृदय कमजोर असेल तर तेच पाणी फुप्फुसात भरतं. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या माणसाची गोष्ट वेगळी, तिथं सलाईन जीव वाचवतं.

पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा द्या. उठताना कडेला २ मिनिटं बसून घोटे हलवावेत, लघवी बसूनच करावी. सकाळी उठण्याआधी दोन पेले पाणी चालेल, पण हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर नको. गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका, सगळी पाकिटं पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढं ठेवा.

सौंदत्तीला यल्लम्माच्या रांगेत पोरगी कोसळते, तो प्रकार निराळा: उन्हात ताटकळून ठोकेच मंदावतात, पाय वर करून झोपवलं की भानावर येते. उठवून बसवू नका, तोंडात पाणी ओतू नका.

पण वडील बसल्या जागी, काही न जाणवता बेशुद्ध झाले, छातीत दुखलं, किंवा शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर वरचं सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी ईसीजी असलेल्या दवाखान्यात न्या.