दाढ काढताना हाडाची पावडर भरून घेणं खरंच गरजेचं असतं का?

वरची दाढ पुढच्या आठवड्यात काढायची आहे, डॉक्टर बोन ग्राफ्ट (दाढेच्या रिकाम्या खड्ड्यात हाडाची पावडर भरणं) सुचवतायत आणि घरचे म्हणतायत बिल फुगवायचा प्रकार आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी कोथरूडला दातांची प्रॅक्टिस करते. ही शंका पुण्यात मला कायम ऐकू येते, आणि ती दरवेळी चुकीची असते असंही नाही!

हाड झिजतं हे मात्र खरं. मुळाभोवतीचं हाड दातासाठीच असतं. दात गेला की शरीर ते सांभाळत बसत नाही. पहिल्या ६ महिन्यांत रुंदी ३० ते ६० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते, उंची त्या मानाने कमी. गालाकडची हाडाची भिंत मुळात पातळ, त्यामुळे झीज तिकडून जास्त. कॅल्शियमच्या गोळ्यांनी हे थांबत नाही.

ग्राफ्टने झीज कमी होते, पूर्ण थांबत नाही. म्हणून आधी एवढं ठरवा, त्या जागी पुढे इम्प्लांट (हाडात बसवलेला स्क्रू आणि त्यावर कृत्रिम दात) बसवायचंय का? बसवायचं असेल तर वरच्या दाढेला ग्राफ्टचा विचार जरूर करा. तिथे हाडाच्या वरच सायनसची पोकळी असते. दाढ गेल्यावर ती खाली सरकते, खालून हाडही झिजतं, आणि मग इम्प्लांटच्या वेळी सायनस लिफ्ट (सायनसचा तळ वर उचलून खाली हाड भरणं) करावी लागू शकते. त्याचा खर्च आणि त्रास ग्राफ्टपेक्षा जास्त. इम्प्लांट करायचंच नसेल, तर मागच्या दाढेसाठी मी तरी हा खर्च करायला सांगणार नाही. अक्कलदाढेला सहसा गरज नसतेच.

पावडर कशाची आहे ते आधी विचारा. सर्रास वापरली जाणारी बरीचशी गाईगुरांच्या हाडापासून बनते, आणि हे पेशंटला नंतर कळलं की वाद होतात. कृत्रिम पर्यायही मिळतात.

फुकटातलं एक सांगते. दाढ कापून एकेक मूळ वेगळं काढता येईल का, हे डॉक्टरांना विचारा; जोर कमी लागतो, भिंत शाबूत राहते. सिगारेट किंवा मिश्री असेल तर काढण्याआधीच बंद करा, नाहीतर जखम नीट भरत नाही आणि ग्राफ्टही वाया जाऊ शकतं. साखर किती आहे तेही तपासून घ्या.

आणि हो, रूट कॅनाल करून ती दाढ वाचत नाही ना, हे नक्की केलंय का? तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही.